आधी ऑर्डर, मग वेल

आज आपण वाइन बनवणार आहोत. मी बडोद्यात राहतो, गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा आमची वाइन पुठ्ठ्याच्या पटावर बनते आणि काचेच्या मण्यांत साठते. पिण्याचा प्रश्नच येत नाही.

खेळाचं नाव 'व्हिटिकल्चर', म्हणजे द्राक्षशेती. जेमी स्टेगमायर आणि अ‍ॅलन स्टोन या दोघांनी तो तयार केला. 2013 साली तो बाजारात आला आणि 2015 पासून त्याची 'एसेन्शियल एडिशन' मिळते. मी जे सांगणार आहे ते या आवृत्तीबद्दल. एकापासून सहा जणांपर्यंत कितीही जण खेळू शकतात. आमच्याकडे हा डबा सुनेने बंगळूरहून आणला. "बाबा, तुम्हाला आवडेल, यात प्लॅनिंग आहे," म्हणाली. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस, रसद पोहोचवण्यात नोकरी गेली. मनात म्हटलं, ही पोर मला प्लॅनिंग शिकवणार! त्यानंतर मी ओळीने नऊ डाव हरलो.

नऊ डाव हरलो ते का, हे कळल्यावर जे हाती लागलं ते आज सांगायचं आहे. ते सांगण्याची घाई एवढ्याचसाठी की गेल्या दिवाळीनंतर माझा एक कोर्समेट घरी आला. दिंडोरीकडे त्याची वडिलोपार्जित सहा एकर जमीन आहे, तिथे द्राक्षबाग आणि छोटी वाइनरी काढायचा त्याचा विचार. हातात छापील आराखडा होता आणि मी पंचवीस लाख घालून भागीदार व्हावं असा आग्रह. निवृत्तीचे पैसे माझे, तसे त्याचेही. त्याच्याकडे परत येतो. आधी खेळ.

इटलीतल्या टस्कनीत, जुन्या काळात, तुम्हाला एक पडीक मळा वारशाने मिळाला आहे. तीन शेतं, एक लहान तळघर, थोडे लिरा आणि तीन गडी. दोन साधे आणि एक मोठा, त्याला आमच्या घरात 'सुभेदार' म्हणतात. जो खेळाडू 20 गुणांपर्यंत पोहोचतो तो डाव संपायची वेळ आणतो. ते वर्ष सगळ्यांनी पुरं करायचं आणि मग ज्याचे गुण जास्त तो जिंकला. वर्षाचे चार ऋतू. वसंतात कोण किती लवकर उठणार ते ठरतं. उन्हाळ्यात वेलाचं कार्ड उचलणं, लागवड, बांधकाम, पाहुण्यांना मळा दाखवून पैसे मिळवणं, शेत विकणं. शरदात एक पाहुणा येतो. हिवाळ्यात ऑर्डर उचलणं, तोडणी, वाइन बनवणं, ऑर्डर पुरी करणं, नवा गडी तयार करणं. प्रत्येक कामाच्या पटावर मोजक्या जागा. दोघं खेळत असाल तर एकच, तिघं-चौघं असाल तर दोन, त्याहून जास्त असाल तर तीन. जागा भरली की तुमचा गडी तिथे जाऊ शकत नाही. सुभेदार मात्र भरलेल्या जागीही घुसतो.

(टस्कनीत तोडणी शरदात होते. खेळात ती हिवाळ्यात घातली आहे. नाशिककराला यात काही वावगं वाटणार नाही, आपल्याकडे ऑक्टोबरात छाटणी आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी. हा खेळ या एका बाबतीत टस्कनीपेक्षा पिंपळगावच्या जवळ आहे.)

आता माझी चूक. उन्हाळ्यात लावलेला गडी हिवाळ्यात मिळत नाही. वर्षाला एकदाच तो काम करतो आणि वर्ष संपल्यावर परत येतो. तीन गडी म्हणजे दोन्ही ऋतू मिळून तीन कामं. लडाखला माल पाठवताना आमचं वर्ष उन्हाळ्यातच घडायचं. जोझिला बर्फाने बंद व्हायच्या आत पीठ, रॉकेल, डबाबंद भाजी सगळं पलीकडे पोहोचलं पाहिजे. हिवाळ्यात फक्त साठा पुरवून खायचा. ती सवय अंगात मुरलेली. मी उन्हाळ्यात तिन्ही गडी लावून टाकायचो. मांडव, पाणी, लागवड, काय छान दिसायचा माझा मळा! आणि मग संपूर्ण हिवाळा हात बांधून बसायचो. सून आणि मुलगा तोडणी करताहेत, वाइन करताहेत, गुण घेताहेत आणि मी चहा आणतोय.

या खेळात गुण प्रामुख्याने हिवाळ्यात मिळतात. उन्हाळा ही तयारी. म्हणून वसंतातच स्वतःला विचारा, या हिवाळ्यात माझी कोणती कामं झालीच पाहिजेत? तेवढे गडी बाजूला काढा, हाताने सरकवून वेगळे ठेवा. उरतील ते उन्हाळ्याचे. सुभेदाराला तर हिवाळ्याआधी सहसा हात लावू नका. पहिल्या दोन वर्षांत अपवाद होतो, पण नंतर तो राखीवच बरा. ज्या जागेसाठी सगळे धडपडतात तिथे तो शेवटी निवांत जाऊन उभा राहतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. फौजेत आम्ही हल्ल्याची वेळ ठरवतो आणि तिथून उलटे मागे येतो. अमुक वाजता हल्ला, तर अमुक वाजता निघायचं, तर अमुक वाजता जेवण, तर शिधा कालच पोहोचला पाहिजे. इथेही तसंच करायचं, आणि मी ते करत नव्हतो. मी वेलापासून सुरू करायचो. हातात मर्लो आला की लाव मर्लो.

खरी सुरुवात ऑर्डरच्या कार्डापासून होते. समजा ऑर्डर पाच किमतीच्या लाल वाइनची आहे. मग पाचाचं लाल द्राक्ष हवं. मर्लो तीनचा, सिराह दोनचा; दोन्ही एकाच शेतात लावले तर एका तोडणीत पाचाचं लाल द्राक्ष. पण मर्लोला पाण्याची सोय लागते, तिचे 3 लिरा, आणि सिराहला मांडव, त्याचे 2. शिवाय वाइन पाच किमतीची राहायची तर मधलं तळघर हवं, 4 लिरा, कारण लहान तळघरात तीनच्या वरची वाइन बसत नाही. सहाच्या किमतीचं उत्तम द्राक्ष आणून लहान तळघरात वाइन केलीत तर ती तीनचीच होते. म्हणजे या एका ऑर्डरचा खर्च झाला 9 लिरा आणि तीन बांधकामं. उलट ऑर्डर एक-दोनच्या किमतीच्या वाइनची असेल तर सांजोव्हेजे किंवा माल्वाझिया हे एकाचे वेल काही न बांधता लागतात आणि लहान तळघर पुरतं. दोन्ही ऑर्डरी हातात असतील तर पहिल्या दोन वर्षांत लहान ऑर्डर पुरी करा. ती फक्त गुण देत नाही, दर वर्षाअखेरीला ठरावीक लिराही चालू करते. तो हप्ता वर्षाला जास्तीत जास्त 5 लिरांपर्यंत वाढू शकतो. पेन्शन म्हणा ना.

आता कामं मोजू. ऑर्डर उचलणं एक, लागवड दुसरं, तोडणी तिसरं, वाइन चौथं, ऑर्डर पुरी करणं पाचवं. बांधकाम वेगळं. तीन गडी असताना पहिल्या ऑर्डरला जवळजवळ दोन वर्षं लागणार हे इथेच दिसतं. पण लावलेला वेल जागेवर राहतो, प्रत्येक शेताची तोडणी दर वर्षी पुन्हा करता येते. म्हणून दुसरी ऑर्डर पहिलीपेक्षा बरीच स्वस्त पडते, शिवाय वाइन बनवायला गेलेला एक गडी दोन वाइन करून येतो. जे लोक दर वर्षी नवे वेल लावत बसतात ते हा फायदा सोडून देतात. दोन शेतं नीट भरली की लागवड थांबवा.

मुरवण्याबद्दल एक बारकावा, जो माझ्या बायकोने शोधला. वर्ष संपताना द्राक्ष आणि वाइन दोन्हीची किंमत एकेने वाढते. वाइनला तळघराची मर्यादा आहे, द्राक्षाला नाही. मधलं तळघर अजून झालेलं नसेल तर घाईने वाइन करू नका, द्राक्ष तसंच पडू द्या. तीनचं चार होईल, पुढच्या वर्षी पाच. तोवर तळघर बांधून होईल. गुलाबी वाइनला एक लाल आणि एक पांढरं द्राक्ष लागतं आणि मधलं तळघर. स्पार्कलिंगला दोन लाल, एक पांढरं आणि मोठं तळघर. दोन्ही तळघरांचे मिळून 10 लिरा होतात. स्पार्कलिंगच्या ऑर्डरी दिसायला भारदस्त असतात, पण दोन लाल एकाच वेळी जमवणं नव्या खेळाडूला जड जातं. एखादीच्या मागे लागा, दोन नको.

पैशांची चणचण पहिली तीन वर्षं सगळ्यांनाच असते. पाहुण्यांना मळा दाखवून 2 लिरा मिळतात, बोनसची जागा मिळाली तर 3. त्याहून चांगला उपाय नवे खेळाडू करत नाहीत, कारण मनाला पटत नाही: शेत विकणे. तीन शेतांच्या किमती 5, 6 आणि 7, आणि जितकी किंमत तितक्याच एकूण किमतीचे वेल त्यात मावतात. रिकामं शेत विकलं की तेवढे लिरा लगेच हातात. पुढे त्याच किमतीला ते परतही घेता येतं. म्हणजे हे बिनव्याजी तारण आहे, फक्त दोन्ही वेळा एकेक गडी खर्ची पडतो. आमच्या मराठी घरात जमीन विकायची म्हटलं की हात थरथरतो. मी पाच डाव तिन्ही शेतं कवटाळून बसलो आणि त्यातलं तिसरं शेत एकदाही पुरतं वापरलं नाही. पहिल्याच उन्हाळ्यात एक विकून टाका. त्या पैशातून हिवाळ्यात 4 लिरा देऊन नवा गडी तयार करा. तो दुसऱ्या वर्षापासून कामाला येतो. डाव सात वर्षं चालला तर त्याने सहा कामं केली. हाच गडी पाचव्या वर्षी केलात तर दोन कामं. गडी सहापर्यंत वाढवता येतात, पण माझ्या अनुभवात पाच पुरतात.

आता इमारती, आणि इथे माझा कोर्समेट येतो. त्याच्या आराखड्यात पहिल्या वर्षी दोन गेस्ट कॉटेज होती. दुसऱ्या वर्षी टेस्टिंग रूम, तिसऱ्या वर्षी छोटं रेस्टॉरंट. वेलांची लागवड हळूहळू, "फेज टू" मध्ये. रंगीत छापलेलं. मी काही न बोलता जेवणानंतर पट मांडला. म्हटलं, तू तुझ्याच आराखड्याप्रमाणे खेळ.

खेळात कॉटेज 4 लिरांचं. ते असेल तर शरदात एकाऐवजी दोन पाहुणे मिळतात, आणि पाहुण्यांची कार्डं मोठी उपयोगाची असतात. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षी बांधलं तर कॉटेज चांगलं. टेस्टिंग रूम 6 लिरांची. ती असेल तर मळा दाखवताना वर्षातून एकदा एक गुण मिळतो. अट एवढीच, तळघरात निदान एक वाइन पाहिजे. पवनचक्की 5 लिरांची, वर्षातून एकदा लागवडीला एक गुण. हिशोब सरळ आहे. दुसऱ्या वर्षी बांधली तर पाच गुणांपर्यंत देईल, पाचव्या वर्षी बांधली तर जेमतेम दोन. त्याहून कमी लिरांत मधलं तळघर होतं आणि मोठ्या ऑर्डरी खुल्या होतात. आमच्या घरात पवनचक्की डोळ्यांना बरी दिसते म्हणून बांधली जाते, आणि बांधणारा बहुतेक हरतो. टेस्टिंग रूम बांधायचीच तर आधी तळघरात वाइन ठेवा.

माझ्या मित्राने पहिल्या वर्षी कॉटेज बांधलं. दुसऱ्या वर्षभर पैसे साठवले आणि तिसऱ्या उन्हाळ्यात टेस्टिंग रूम उभी केली. तळघर रिकामं. पाहुणे आले, मळा बघून गेले, गुण शून्य. डाव संपला तेव्हा सून 21, मी 17, माझी बायको 16 आणि तो 9. दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच, 11. तिसऱ्या रात्री तो चिडला. "हा खेळ आहे रे. खरी बाग पुठ्ठ्याची नसते."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ते मी मान्य केलं. खेळात उन्हाळ्यात लावलेला वेल त्याच हिवाळ्यात फळतो. नाशिकला धड पीक हाती यायला दोन-तीन वर्षं जातात. खेळात गारपीट नाही, अवकाळी पाऊस नाही, डाऊनी नाही, भुरी नाही. आणि सगळ्यात मोठी सवलत म्हणजे ऑर्डरचा गठ्ठा. हात पुढे केला की कोणीतरी गिऱ्हाईक निघतंच. खऱ्या जगात हा गठ्ठा नसतो. महाराष्ट्राने 2001 साली द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, त्यानंतर नाशिक जिल्ह्यात वाइनच्या द्राक्षांची लागवड झपाट्याने वाढली. 2008-09 च्या सुमारास मागणी आटली, माल पडून राहिला आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी वाइनचे वेल उपटून टाकले. हे वेल खाण्याच्या द्राक्षाचे नव्हते, दुसऱ्या बाजारात नेऊन विकताही येत नव्हते. म्हणजे खेळ सोपा आहे, आणि त्या सोप्या खेळातही तुझी कॉटेजं तुला 11 गुणांच्या पुढे नेत नाहीत. मी त्याला एवढंच विचारलं, "पहिली शंभर खोकी कोण घेणार? एक नाव सांग." तो उठून गच्चीत गेला. रात्री बराच वेळ त्याच्या खोलीत दिवा होता.

सकाळी निघताना त्याने आराखडा टेबलावर ठेवला नाही, बरोबर नेला.

उरलेल्या दोन गोष्टी सांगतो. वसंतात कोंबड्याची सोंगटी कुठे ठेवायची हा निर्णय लोक सवयीने घेतात. पहिल्या क्रमांकावर उठलात तर वर्षभर प्रत्येक ऋतूत तुमची पाळी पहिली, पण बक्षीस काही नाही. जसजसं उशिरा उठाल तसं बक्षीस: वेलाचं कार्ड, ऑर्डर, एक लिरा, पाहुणा, एक गुण आणि सगळ्यात शेवटी उठणाऱ्याला त्या वर्षापुरता एक जादा गडी. ज्या वर्षी तुम्हाला एक विशिष्ट बोनसची जागा हवीच आहे, त्या वर्षी लवकर उठा. नाहीतर बक्षीस घ्या. मी निवृत्तीनंतरही पाच वाजता उठतो आणि पटावरही तेच करत होतो, काही कारण नसताना. आणि पाहुण्यांची कार्डं जपून ठेवू नका. वर्षाअखेरीला हातात सातच पत्ते ठेवता येतात, आणि अगदी योग्य वेळेची वाट बघत बसलेलं कार्ड बहुतेक वेळा हातातच राहतं.

दुसरी गोष्ट शेवटच्या वर्षाची. कोणी 20 ला पोहोचलं तरी वर्ष सगळ्यांना पुरं मिळतं. म्हणून पुढे असलेल्याला बघून घाबरू नका, त्याच्या हातातल्या ऑर्डरी किती आणि तळघर किती भरलेलं ते बघा. मी पहिला डाव जिंकलो तेव्हा शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला माझे 13 होते आणि सुनेचे 17. पण माझ्याकडे दोन ऑर्डरींची वाइन तयार होती. पहिल्या क्रमांकाला उठलो. हिवाळा लागताच ऑर्डरच्या बोनस जागेवर गडी ठेवला, चार गुणांची ऑर्डर, वर एक बोनसचा. उरलेली जागा मुलाने अडवली, मुद्दाम, त्याला माझा डाव दिसत होता. मी सुभेदार उचलला आणि तिथेच नेऊन ठेवला. आणखी तीन. सून 20, मी 21. तिने डबा आवरताना म्हटलं, "बाबा, उन्हाळ्यात तुम्ही एकच गडी लावलात, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

मित्राचा फोन फेब्रुवारीत आला. बागेतूनच बोलत होता, मागे ट्रॅक्टर ऐकू येत होता. सहा एकरांपैकी दोनच घेतोय म्हणाला. तिकडच्या एका वाइनरीत तीन वेळा जाऊन आला, त्यांना कोणती जात हवी आहे ते विचारलं, ते दोन जातींची नावं देताहेत आणि करार करायला तयार दिसताहेत. अजून लेखी काही नाही. कॉटेजचं विचारलं तर म्हणाला, "फेज फोर." मग हळूच, "तुझे पंचवीस नकोत आता. आठ देशील का?"

मी म्हटलं, करार झाला की त्याची प्रत पाठव, मग बोलू. तो हसला. पुढच्या महिन्यात येतो म्हणाला, येताना कागदही आणतो. बायकोने स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "त्यांना सांगा, या वेळी लाल गडी माझे."